विमानात खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?

प्रश्न : मी दर वेळी जादा पैसे भरून खिडकीजवळचे आसन घेते. तरीही कधी नुसता पंख दिसतो, तर कधी उन्हामुळे झडप ओढून बसावे लागते. आसन निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर : आपण आधी रांग पाहता आणि बाजूचा विचार नंतर करता, असे पत्रावरून वाटते. हा क्रम उलटा करावा. उड्डाणाच्या दिशेला तोंड करून बसल्यावर ‘ए’ हे आसन बहुतेक सर्व विमानांत डाव्या खिडकीशी असते. उजव्या खिडकीचे अक्षर मात्र आसनांच्या मांडणीनुसार बदलते. दोन्हीकडे तीन-तीन आसने असतील, तर ते ‘एफ’ असते आणि दोन मार्गिकांच्या मोठ्या विमानांत अनेकदा ‘के’. पूर्वेकडे जाताना उत्तर दिशा डावीकडे येते, म्हणूनच काठमांडूहून भूतानमधील पारोला जाणाऱ्याला एव्हरेस्ट, मकालू आणि कांचनगंगा ही शिखरे डाव्या खिडकीतून दिसतात, तर परतताना उजव्या. लांबच्या प्रवासात सपाट नकाशावर रेघ ओढून दिशा ठरवू नये, कारण सर्वांत जवळचा मार्ग अशा नकाशावर वाकलेला दिसतो. लंडनहून लॉस एंजेलिसला जाणारी विमाने बऱ्याचदा ग्रीनलंडवरून जातात, ती यामुळेच. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहिला, की खरी दिशा कळते.

यानंतर सूर्याचा विचार करावा. तो फार थोडे प्रवासी करतात, पण मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सूर्याच्या बाजूला पाहताना हवेतील धुरकटपणा उजळून निघतो, खिडकीवरचा प्रत्येक ओरखडा चमकू लागतो आणि खालची जमीन फिकी पडते. उलट, सावलीच्या बाजूला ऊन आपल्या पाठीमागून जमिनीवर पडत असल्यामुळे डोंगरांच्या धारा, नद्यांची वळणे आणि शेतांचे बांध स्वच्छ दिसतात. खाली ढगांचा थर असेल, तर त्यावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती रंगीत वलयांचे इंद्रवज्रही याच बाजूने दिसते, कारण ते सूर्याच्या अगदी विरुद्ध दिशेला उमटते. सकाळी उत्तरेकडे जाणार असाल, तर सूर्य उजवीकडे राहील, म्हणून डावी खिडकी घ्यावी. उत्तर गोलार्धाच्या मध्यम अक्षांशांत दुपारी पश्चिमेकडे जाताना सूर्य डावीकडे, म्हणजे दक्षिणेला असतो. तेव्हा उजवी खिडकी चांगली. सूर्योदय किंवा सूर्यास्तच पाहायचा असेल, तर अर्थातच सूर्याच्या बाजूला बसावे. एखादे ठरावीक शिखर पाहायचे असेल, तर ऊन सोसूनही त्याचीच बाजू घ्यावी.

रांगेचा निर्णय त्यामानाने सोपा आहे. पंखाच्या पुढची रांग सर्वांत चांगली. ती मिळाली नाही, तर अगदी मागे बसावे; मात्र इंजिने पंखाखाली असतील, तर त्यांतून निघणाऱ्या उष्ण वायूंमुळे मागच्या खिडक्यांतून दूरचे दृश्य थरथरते आणि छायाचित्रे अस्पष्ट येतात. एटीआर 72 सारख्या विमानांचे पंख खिडक्यांच्या वर असल्याने त्यांत खालची जमीन बहुतेक आसनांवरून मोकळी दिसते. आणखी एक गोष्ट सीट मॅपवर सहसा कळत नाही : खिडक्यांमधील अंतर विमानाच्या सांगाड्याने ठरते आणि आसनांमधील अंतर विमान कंपनी ठरवते, त्यामुळे काही आसनांशेजारी खिडकीऐवजी कोरी भिंत येते. बोइंग 737 मध्ये पंखाच्या थोडे पुढे वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते आणि तिथे खिडकीच नसते. म्हणून आसन पक्के करण्यापूर्वी त्या विमानाच्या आतील छायाचित्रांत ती रांग शोधून पाहणे फार उपयोगी पडते.

प्रश्न : गॉगल लावला, की विमानाच्या खिडकीत इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. खिडकी खराब असते का?

उत्तर : नाही. विमानाची खिडकी साध्या काचेची नसून ॲक्रिलिकची असते आणि त्यातील अंतर्गत ताण पोलराइज्ड, म्हणजे चकाकी कमी करणाऱ्या, भिंगांतून पाहिल्यावर रंगांच्या रूपात दिसतात. दृश्य पाहताना असा गॉगल काढून ठेवावा आणि कॅमेऱ्यावर पोलरायझिंग फिल्टर असेल, तर तोही काढावा. छायाचित्र घेताना कॅमेरा खिडकीच्या अगदी जवळ न्यावा, म्हणजे आतील प्रतिबिंबे टळतील. मात्र तो टेकवू नये, नाहीतर विमानाची कंपने कॅमेऱ्यात उतरतात.