फिल्म उलटी नाही, आपण पायाशी उभे आहोत

प्रश्न : आमचे मिस्टर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर आहेत. रात्रपाळीत पोटात उजवीकडे खाली जोराची कळ आली. सोनोग्राफीत ‘गॅसमुळे अपेंडिक्स दिसले नाही’ असं आलं, म्हणून लगेच सीटी स्कॅन. त्यात अपेंडिक्स चांगलं आणि मूतखडा निघाला! एका दुखण्याला दोन तपासण्या कशाला? शिवाय नर्सिंग शिकणारी भाची म्हणते, फिल्ममध्ये लिव्हर डाव्या हाताला आहे, उलटी छापली असणार. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी भाचीचं. नजर चांगली आहे पोरीची, पण फिल्म सुलटीच आहे. पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून बघतोय, असं धरून सीटीचं चित्र मांडतात. म्हणून त्यांची उजवी बाजू आपल्या डावीकडे येते. शिकत असताना मी एकदा उजव्या किडनीला डावी लिहून बसलो होतो. सर रागावले नाहीत; हाताला धरून सीटीच्या टेबलाच्या पायथ्याशी नेऊन उभं केलं. परत चूक झाली नाही.

आता तपासण्यांचं. सीटीत एक्स-रे लागतात. पोटाच्या एका सीटीत साधारण 8 ते 10 मिलिसिव्हर्ट (किरणोत्साराचं माप), म्हणजे निसर्गातून तीन-चार वर्षांत जेवढे किरण अंगावर पडतात तेवढे. सोनोग्राफीत एक्स-रे नाहीत, म्हणून ती आधी. पण तिच्या ध्वनिलहरी हवेपाशी अडतात. अपेंडिक्स आतड्यामागे दडलेलं आणि पुढे गॅस, मग पोटावर फिरवायचा प्रोब कितीही दाबा, दिसत नाही. म्हणून मग सीटी.

सीटीत पोटाचे आडवे काप मिळतात, आपल्या कडक भाकऱ्यांची चळत असते ना, तसे. आम्ही एकच भाकरी बघत नाही, माउस फिरवत चळत वरखाली करतो. अपेंडिक्स एका कापात नुसता ठिपका असतो. तो पुढच्या कापात थोडा सरकतो. माग काढत त्याच्या बंद टोकापर्यंत जायचं. जाडी 6 मिलिमीटरच्या आत, भोवतीची चरबी काळी नि स्वच्छ, तर बहुधा काही नाही. सूज असली की चरबी धुरकटते. ही चरबी सोनोग्राफीची वैरीण, पण सीटीची मैत्रीण : सीटी प्रत्येक गोष्टीला तिच्या घनतेनुसार आकडा देतो, पाण्याचा 0, चरबीचा उणे 100च्या आसपास, त्यामुळे अवयवांच्या कडा उठून दिसतात. किडकिडीत माणसाचा सीटी वाचताना आम्हीच घामाघूम होतो.

खडा मात्र पांढराशुभ्र चमकतो, त्याला डायचं इंजेक्शनही लागत नाही. उजव्या मूत्रनलिकेत खाली उतरलेल्या खड्याची कळ नेमकी अपेंडिक्सच्या जागी येते. तिथे भलेभले फसतात.

रिपोर्टात खड्याचं माप बघा. 5 मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे लघवीवाटे पडतात, तरी यूरॉलॉजिस्टना दाखवाच. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि सेंटरवरून सीडी मागून घ्या. भाचीला म्हणावं, चळत वरखाली कर. अपेंडिक्स सापडलं तर मला जरूर कळव.