पाच लाखाचं कार्ड आहे, मग घरच्या सेवेचे पैसे कोण देणार?

“ताई, बाबापाशी पाच लाखाचं कार्ड हाये. मंग घरी बाई ठेवली तं तिचे पैसे त्याच्यातून काहून भेटत नाही?” वर्धा-यवतमाळकडच्या गावांत हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. एका घरची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कापूस, आणि तूर. ७२ वर्षांच्या आजोबांना लकवा मारला, उजवी बाजू गेली. दवाखान्याचं कार्डावर निभावलं. सत्तरी गाठलेल्या कुणालाही ऑक्टोबर २०२४ पासून हे पाच लाखाचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात उत्पन्न बघत नाहीत. पण ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांचं कार्ड आहे. सुट्टीनंतर पंधरा दिवसांपर्यंतची औषधं त्यात धरतात. पुढचे डायपर, मालिश, रात्रीची जागरणं त्यात बसत नाहीत. बँकेतून वर्षाला २० रुपये कापले जातात तो सुरक्षा विमाही अपघाताचा, लकव्याला लागू नाही.

धाकटा मुलगा स्वतःलाच दोष देत होता, आपलाच कुठला तरी कागद राहिला असेल म्हणून. त्याचा काहीच कागद राहिला नव्हता. दीर्घकाळच्या सेवेसाठी वेगळा विमा लागतो. जर्मनीत तो १९९५ पासून सक्तीचा आहे, सरकारी नाहीतर खाजगी, आणि घरच्याच माणसानं सेवा केली तरी त्यातून रोख भत्ता मिळतो. जपाननं २००० मध्ये असा विमा सुरू केला. आपल्याकडे तसा सरकारी विमा नाही. त्यामुळे तो सगळा भार कुणाच्या तरी अंगावर पडतो, आणि या घरी तो सुनेवर पडला होता.

ती दाराशी उभी होती, बोलत नव्हती. मी तिला सकाळपासूनची कामं सांगायला लावली आणि नवऱ्याला मुलीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला. पहाटे अंग पुसणं. लघवीच्या नळीची पिशवी रिकामी करणं. पेज भरवणं, ठसका लागू नये म्हणून चमच्याचमच्यानं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीसुद्धा. पान भरत आलं तशी ती म्हणाली, “दिवाळीपासून वावरात गेलीच नाही मी. वेचाईले बाया लावल्या, किलोवर.” त्याचा हात थांबला. सेवेचा खर्च त्या घरातून केव्हाच जात होता, फक्त तो वेचाईच्या नावावर पडत होता.

मग पुण्याच्या मोठ्या भावाला फोन लावला. तो मनापासून म्हणाला, “मी बाबाचा मेडिक्लेम काढतो.” २०२४ पासून वयाची आडकाठी राहिलेली नाही, हे खरं. पण लकव्यानंतर कंपनी हप्ता वाढवू शकते, नकारही देऊ शकते, आणि आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पॉलिसीत ‘घरी उपचार’ असं लिहिलेलं दिसतं तेही सहसा भरतीची गरज असून हलवता येत नसेल किंवा खाट नसेल तेव्हापुरतंच. सेवेच्या बाईचा पगार त्यात धरत नाहीत. म्हणून मी सांगितलं, कंपनीच्या गट विम्यात आईवडिलांना घेतात का ते ऑफिसात विचारा, आणि हप्त्याला काढलेले पैसे दरमहा धाकट्या भावजयीच्या स्वतःच्या खात्यात टाका.

धाकट्याला हे जड गेलं. “सून असून बाई लावली, लोक काय म्हणतील?” माझं मत ठाम आहे: रात्री जागून दिवसाही राबणारी बाई महिन्या-दोन महिन्यांत स्वतःच अंथरूण धरते, मग दोन माणसांची सेवा करावी लागते. गावातलीच एक बाई सकाळच्या अंघोळीपुरती येऊ लागली. नागपूरची बहीण वेचणीच्या दिवसांत राहायला आली आणि रात्रीची पाळी तिनं घेतली.

सरकारी मदतीत जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढण्याजोगं होतं, फिजिओथेरपीही तिथंच झाली. म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देणाऱ्या श्रावणबाळ योजनेला उत्पन्नाची मर्यादा फार खाली आहे. आधी तहसीलमध्ये विचारा, मगच दाखल्यांमागे धावा.

राहिला धाकटा स्वतः. वय ४४, बीपीची गोळी चालू. खाजगी पॉलिसीचा विचार करायचा तो त्याच्यासाठी, धडधाकट असतानाच. गंभीर आजाराच्या पॉलिसीत लकव्यानंतर एकरकमी पैसे मिळतात, ते घरच्या सेवेवर खर्च करता येतात. मात्र अपंगत्व किती महिने टिकलं पाहिजे ती अट वाचून घ्यायची. एजंट म्हणाला, “गोळीचं नका लिहू, हप्ता वाढते.” मी धाकट्याला गोळीचं नाव चिठ्ठीवरून पाहून फॉर्मात स्वच्छ अक्षरात लिहायला लावलं. लपवलेला आजार पुढं निघाला की दावा तिथंच अडतो.