जागतिक आरोग्य संघटना दवाखाने चालवत नाही, हुकूमही देऊ शकत नाही. मग तिचा उपयोग काय?

तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही ही संघटना नसती तर माझं काम अडलं असतं. मी लसींच्या शीतसाखळीत, म्हणजे कारखान्यापासून लस देईपर्यंत ती थंड ठेवण्याच्या व्यवस्थेत, काम करते, म्हणून तिथलंच सांगते.

तोंडावाटे द्यायच्या पोलिओ लसीच्या कुपीवर एक लहानसं वर्तुळ असतं आणि त्यात चौकोन. कुपी नवी असताना चौकोन फिकट असतो. उष्णता लागेल तसा तो गडद होत जातो आणि पुन्हा कधीच फिकट होत नाही. चौकोन वर्तुळाइतका गडद झाला की कुपी वापरायची नाही. वाटेत फ्रीज बंद पडला होता का, गाडी उन्हात उभी होती का, हे कुणाला विचारायची गरजच उरत नाही. पोलिओची लस नाजूक, म्हणून तिच्यावरची खूण 37 अंशांना दोन दिवसांतच संपते. हेपॅटायटिस बी लसीवरची 30 दिवस टिकते. 1996 मध्ये या खुणेची सुरुवात पोलिओ लसीपासून झाली. तिचे निकष जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आहेत, म्हणून लस कुठल्याही देशात बनलेली असो, ती खूण एकाच पद्धतीने वाचता येते.

संघटनेचं बरंचसं काम असंच, न दिसणारं आहे. फ्लूचा विषाणू सतत बदलतो. 1952 पासून देशोदेशीच्या प्रयोगशाळा त्याचे नमुने एकमेकांना पाठवतात आणि पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते प्रकार घ्यायचे, याची शिफारस संघटना वर्षातून दोनदा करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. देवी रोगाचं उच्चाटन मात्र सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं ते हे, की ऐन शीतयुद्धात प्रस्ताव सोव्हिएत संघाने मांडला, मोहिमेचं नेतृत्व अमेरिकन डॉक्टर डी. ए. हेंडरसन यांनी केलं आणि 1980 मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं.

आता अधिकारांचं. 2005 च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, एखादी साथ सीमा ओलांडेल असं दिसलं की त्या देशाने 24 तासांत कळवायचं असतं. नाही कळवलं तर दंड नाही, आणि परवानगीशिवाय संघटनेची माणसं देशात पाऊल टाकू शकत नाहीत. हे बंधन सदस्य देशांनीच घातलेलं आहे. पण सगळा दोष त्यांचा नाही. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरत असताना संघटनेने आरोग्य आणीबाणी थेट ऑगस्टमध्ये जाहीर केली; तिथे काम करणारे डॉक्टर त्याआधी कितीतरी दिवस ओरडून सांगत होते. तो उशीर माफ करण्यासारखा नव्हता.

आणि पैसा. सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीतून बजेटचा पाचवा हिस्साही निघत नव्हता. बाकीची देणगी, आणि तीही बहुतेक वेळा देणाऱ्याने ठरवून दिलेल्या कामापुरतीच. वर्गणीचा वाटा टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत न्यायचं 2022 मध्ये ठरलं. अधिकार वाढवण्याआधी मला हे पूर्ण व्हायला हवंय, कारण साथ सुरू झाल्यावर देणगीची वाट पाहण्यात पहिले आठवडे निघून जातात.