कोकणात सायकलवर एकट्याने मुक्काम करायचा तर सर्वांत हलका निवारा कोणता? बिव्ही बॅग चालेल का?

तुम्ही लिहिलंय : डिसेंबर, दापोली ते मालवण, सागरी मार्ग, एकट्याने, चार रात्री उघड्यावर, बजेट दहा हजार. आणि 'एका अनुभवी सायकलस्वाराने' सांगितलंय की तंबूच्या फंदात पडू नका, बिव्ही बॅग (स्लीपिंग बॅगवरून चढवायची, पाणी आत न येऊ देणारी पिशवी) घ्या, चारशे ग्रॅममध्ये काम होतं.

हे अनुभवी सायकलस्वार आमचे गुरुजी तर नव्हेत? नसतील तर त्यांच्याच पंथाचे कुणीतरी असणार. बिव्ही घेऊ नका.

गुरुजी म्हणजे खरोखरचे गुरुजी. आयुष्यभर गणित शिकवलं, आता निवृत्त. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे आणि प्रत्येक चढाला माझ्या पुढे. टूथब्रशचा दांडा अर्धा कापणारी जी जमात असते, तिच्यातले. घरी सोनाराचा असतो तसला काटा आहे, त्यावर ते पंक्चरचं सामान तोलतात. २०१८ च्या डिसेंबरात त्यांनी आपली वापरलेली बिव्ही मला साडेचार हजारांना विकली. वजन ४२० ग्रॅम. बाहेरचं पाणी आत येत नाही आणि आतली वाफ बाहेर जाते, असा त्या कापडाचा महिमा. मीही भारावून माझा जुना अडीच किलोचा तंबू भाच्याला देऊन मोकळा झालो. भाचा अजून वापरतोय.

चिपळूणहून निघालो. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तिथून तवसाळ, मग फेरीबोटीने जयगड आणि मुक्काम गणपतीपुळ्याला, असा बेत होता. हेदवीत गुरुजींना बामणघळ बघायची होती. घळ पाहायची तर भरतीला, एरवी नुसती कातळातली भेग. त्यांनी जागच्या जागी हिशेब केला : आज षष्ठी, सहाचे पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती. (हा हिशेब शिकून घ्या. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ ढोबळमानाने कळते. पौर्णिमा-अवसेला तो साधारण सव्वाअकरा-बारावर येतो, म्हणजे भर दुपारी आणि भर मध्यरात्री, आणि वर उधाणाची भरती. चांदण्यासाठी पुनवेला पुळणीवर तंबू ठोकणाऱ्यांना बारा वाजता पाणी उठवतं ते याचमुळे.) भरती खरंच साडेचारच्या आसपास आली, घळीतून पाणी माडाएवढं उसळलं, गुरुजींचं समाधान झालं, आणि आम्ही तवसाळच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा शेवटची बोट खाडीच्या मध्यावर होती.

गावात कुणाकडेही सोय झाली असती. पण गुरुजी म्हणाले, बिव्ही कशाला घेतलीस मग? वर सडा आहे, आभाळ आहे, आणखी काय पाहिजे. तेव्हा उतरलेला चढ पुन्हा चढून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या पठारावर आलो, कातळावर अंथरूण टाकलं.

आता तुम्ही कोकणातले नसाल तर सांगतो, डिसेंबरातली सड्यावरची रात्र थंड कमी आणि ओली जास्त असते. नऊ वाजता बिव्हीत शिरलो तर घाम. चेन उघडून तोंड बाहेर काढलं तर डास. चेन लावली तर आपलाच श्वास आपल्याला परत. अकराच्या सुमाराला चंद्र मावळला. गुरुजी उठले, बाटल्या घेतल्या, 'पाणी भरून आणतो रे' म्हणाले आणि खाली उतरले. मला डुलकी लागली असावी. दोन वाजता जाग आली तेव्हा स्लीपिंग बॅग पिळून काढावी इतकी भिजलेली. पाऊस नव्हता, आभाळभर चांदण्या होत्या.

मला वाटलं बिव्ही गळतेय. ती गळत नव्हती. नंतर वाचून आणि डोकं लावून कळलं ते असं. वाफ बाहेर सोडणारं कापड चालतं ते आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या फरकावर. बाहेर हवा कोरडी आणि गार असेल, हिमालयात असते तशी, तर आतली वाफ मुकाट बाहेर जाते. आमच्याकडे बाहेरची हवाच दमट, वाफेने जायचं कुठे? शिवाय उघड्या आभाळाखाली कापड रात्री आसपासच्या हवेपेक्षा जास्त गार होतं, त्यावर बाहेरून दहिवर पडतं आणि आतून तुमचा श्वास आणि घाम जमतो. माणूस रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी असं सोडतो. ते सगळं एका पिशवीत, तुमच्याबरोबर. बिव्ही बनवणाऱ्यांची यात चूक नाही, त्यांनी ती वेंगुर्ल्यासाठी बनवलेलीच नाही.

पहाटे उठून बसलो. बिव्हीला व्हरांडा नसतो, त्यामुळे बूट बाहेर. आईची लहानपणापासूनची सवय, चप्पल-बूट आपटल्याशिवाय पाय घालायचा नाही. आपटला. लाल विंचू पडला. लहानसा, अडीच-तीन इंचांचा. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण कोकणात माणसं मारली ती या तांबड्याने. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधला तेव्हापासून मरणं कमी झाली, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या आजोळी त्यांचं नाव अजून हात जोडून घेतात. विंचवाचं एक, दुसरं फुरशाचं : दगडधोंड्यांचा सडा म्हणजे त्याचं घरच. आणि मण्यार रात्री निघते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश इतका कमी दुखतो की कित्येकदा माणसाला जागही येत नाही. या दोन्ही सापांच्या दंशावरही लस (विषाचा उतारा) आहे, नाग-घोणसाचीच, चारही एकाच बाटलीत. पण ती सरकारी दवाखान्यात आणि तुम्ही रात्री दोन वाजता सड्यावर. म्हणून माझ्या लेखी निवाऱ्याची पहिली कसोटी पाऊस नाही आणि वजनही नाही. तळाला शिवलेली, चारी बाजूंनी चेन बंद होणारी जाळी आहे की नाही, ही कसोटी. बूट आणि पिशवी जाळीच्या आत.

गुरुजी सहा वाजता वर आले. ताजेतवाने, हातात चहाची किटली. झोप लागली का विचारलं तर म्हणाले, मस्त. मी विचार केला, माझ्यातच काहीतरी खोट असणार.

दोन वर्षांनी पुन्हा तवसाळला गेलो. धक्क्याजवळच्या घरातल्या काकूंनी गुरुजींना ओळखलं आणि भर दुपारी, माझ्यासमोर, विचारलं : काय मास्तर, आज पण पडवीतच निजणार का? म्हणजे मी वर पिशवीत उकडत होतो तेव्हा हे खाली पडवीत, चटईवर, पंख्याखाली! मी बघत राहिलो. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मी कुठे नाही म्हटलं? तू विचारलंसच नाहीस." आणि इतकं होऊन आजही कुणी नवीन पोरगं भेटलं की सड्यावरच्या बिव्हीच्या रात्रीची कथा हेच सांगतात. तुमच्या प्रश्नात ती चारशे ग्रॅमची भाषा दिसली म्हणून एवढं लिहायला बसलो.

वजनाचं गणित त्यांच्याच भाषेत मांडतो. मी ७८ किलो, सायकल १३, पाणी-सामान ९. एकूण १००. बिव्हीऐवजी दीड किलोचा तंबू घेतला तर वाढला साधारण एक किलो, म्हणजे एक टक्का. चढावर लागणारं काम वजनाच्या प्रमाणात. सागरी मार्गावर दर खाडीला उतार आणि लगेच चढ. समजा दिवसातून दोन तास निव्वळ चढात गेले, तर एक टक्का म्हणजे सव्वा मिनिट. दिवसाला सव्वा मिनिटासाठी रात्रभर भिजायचं? हे मी गुरुजींना कागदावर लिहून दिलंय. त्यांनी आकडेमोड तपासली, बरोबर आहे म्हणाले, आणि विषय बदलला.

तर घ्यायचं काय. दुहेरी थराचा, स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा एका माणसाचा तंबू. आतला भाग जवळजवळ सगळा जाळीचा, वरचं कापड वेगळं निघणारं. म्हणजे वरच्या कापडावर आतून पाणी जमलं तरी ते जाळीबाहेर राहतं. वारा असेल त्या रात्री वरचं कापड अर्धं उघडं टाका. स्वतः उभा राहणारा का, तर कोकणात खुंटीला जमीनच नाही. सड्यावर कातळ, तिथे खुंटी वाकते. पुळणीवर वाळू, तिथे ती हाताने उपटून येते. कातळावर दोरी दगडाला बांधायची. वाळूत छोट्या पिशव्यांत वाळू भरून, दोरी बांधून, हातभर खोल पुरायच्या. ट्रेकिंगच्या काठ्यांवर उभे राहणारे ते अतिहलके तंबू छान असतात, पण सायकलवाल्याकडे काठी कुठून येणार आणि खुंटीशिवाय ते उभे राहत नाहीत.

दुकानात गेलात की दांड्यांची घडी मोजा. बहुतेकांची घडी ४०-४५ सेंटिमीटरची असते, आणि वाकड्या हँडलच्या सायकलला दोन ब्रेकच्या मध्ये तेवढी जागा नसते. तीस सेंटिमीटरच्या घडीचे खास सायकलवाल्यांसाठीचे तंबू निघालेत, पण ते तुमच्या बजेटबाहेर. साध्या तंबूचे दांडे काढून सायकलच्या नळीला बांधा, कापड हँडलला. दहा हजारांत नेचरहाइक कंपनीच्या क्लाउड अप तंबूसारखं काहीतरी बसेल, वजन दीड किलोच्या आसपास, फक्त त्याचे पायाकडचे कोपरे दोरीने ताणावे लागतात. मी हाच घ्या म्हणत नाही. वरच्या गोष्टी बघा आणि दुकानात आडवे पडून बघा, डोकं आणि पाय एकाच वेळी कापडाला टेकत असतील तर सोडून द्या.

ताडपत्री आणि सायकल उलटी करून तिचा खांब, हेही केलंय. दिसायला झकास. पण खालून सगळं उघडं, विंचवाचं वर सांगितलंच. झोळी म्हणाल तर आंब्याच्या बागेत राजेशाही झोप, पण सड्यावर झाड नाही, आणि पोफळीला बांधाल तर बागायतदार तुम्हालाच बांधून ठेवील. माडाखाली तर तंबूही नको, झोळीही नको. नारळ राहू दे, वाळलेली झावळ पडली तरी पुरे. आणि आगरात झोपलात तर आधी शिपण्याची वेळ विचारा. पहाटे पंप सुरू झाला की पाटाचं पाणी थेट तुमच्या कुशीत.

दार कुठे करावं यावरही एक सांगतो. संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो म्हणून लोक समुद्राकडे पाठ करून तंबू लावतात. रात्री मतलई सुटते, जमिनीकडून, आणि बरोब्बर दारातून आत येते. उकाड्याच्या रात्री हे चांगलंच, पण माहीत असावं.

परत आल्यावर तंबूचे दांडे आणि दाराची चेन गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा अॅल्युमिनियमचे सांधे खाते, चेनचा सरक तर एका मोसमात जाम होतो.

हे सगळं कार्तिक ते फाल्गुन एवढ्यापुरतं. पावसाळ्यात कुठलाच तंबू नको, सरळ घरगुती सोय बघा. सुरूच्या बनात किंवा देवळाच्या आवारात उतरायचं तर आधी गावात विचारायचं, न विचारता नाही. नाही म्हणणारं गाव मला आजवर एकच भेटलं. तुमचं वजन पन्नास किलो असेल तर माझी टक्केवारी थोडी बदलेल. आणि कबूल करतो, सह्याद्रीत वर घाटमाथ्यावर, जानेवारीतल्या कोरड्या थंडीत, तीच बिव्ही मी एकदा वापरली आणि ती वाईट नव्हती. हे गुरुजींना सांगितलेलं नाही.

बाकी दापोली ते मालवण म्हणजे तुम्हाला दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा दोन फेरीबोटी लागतील. दोन्हीकडे शेवटची बोट कितीला सुटते ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आणि षष्ठी असेल तर बामणघळीला थांबू नका.