थंडीत कुत्र्याचं फिरणं कमी झालंय, घरात चपला कुरतडतो. त्याला दमवायचं कसं?

फिरणं कमी झालं असलं तरी पूर्ण बंद करू नका, फक्त वेळ बदला. पहाटे किंवा रात्री उशिरा नेण्यापेक्षा ऊन वर आल्यावर न्या आणि पाऊण तासाच्या एका फेरीऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन मारा. हस्की किंवा जर्मन शेफर्डसारख्या दाट, दुहेरी केसांच्या कुत्र्याला थंडी उलट मानवते, त्याला स्वेटर नको. आखूड केसांची, लहान चणीची, पिल्लं आणि म्हातारी कुत्री मात्र साधारण ७ अंशांच्या खाली कुडकुडायला लागतात. त्यांना स्वेटर घाला, पण ओला झाला की लगेच काढा आणि काखेत घासतोय का तेही बघा. पाय उचलून धरणं, शेपूट आत घेणं, घराकडे ओढणं, यातलं काहीही दिसलं की मागे फिरा.

आता चपलांचं. माझ्या मते अशा कुत्र्याचे पाय नाही, नाक रिकामं असतं. दहा मिनिटं वास काढत शोधाशोध केली की बरीचशी कुत्री आपणहून आडवी होतात.

त्याच्या रोजच्या कोरड्या खाद्यातले वीस-पंचवीस दाणे बाजूला काढा. पुठ्ठ्याची तीन उघडी खोकी जमिनीवर ठेवा आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकात दोन-तीन दाणे टाका. तो तिकडे निघाला की ‘शोध’ म्हणा. चार-पाच वेळा जमलं की त्याला दुसऱ्या खोलीत ठेवून खोक्यांच्या जागा बदला. खाऊचं खोकं खूण करून कायम तेच वापरा. आज यात, उद्या त्यात असं केलंत तर तिन्ही खोक्यांना वास लागतो आणि कुत्रा गोंधळतो. पुढे खोकी सोडून खुर्चीच्या पायामागे, दाराच्या फटीपाशी दाणे लपवा.

फसतं ते बहुतेक वेळा घाईमुळे. पहिल्याच दिवशी अवघड जागा दिली की कुत्रा खाली बसून तुमच्या तोंडाकडे बघतो किंवा भुंकतो. अशा वेळी एक पायरी मागे या. आणि बोटाने दाखवू नका! एकदा ती सवय लागली की तो वास घेणं सोडून तुमचा हात बघत बसतो.

दोरीची ओढाओढ चालेल, पण सतरंजीवर किंवा रबरी मॅटवर. दोरी त्याच्या मानेच्या उंचीवर धरा, डावी-उजवीकडे हलवा, वर झटके देऊ नका. गुळगुळीत फरशीवर चेंडू फेकणं मात्र टाळाच. वळताना पाय घसरून गुडघ्याचा लिगामेंट फाटू शकतो. पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर कापा, घसरणं कमी होतं. मागे धावायला लेझरचा ठिपका नकोच. हाती काहीच लागत नाही, म्हणून काही कुत्री मग सावल्यांमागे धावायला लागतात.

खेळातले दाणे वाटीतल्या जेवणातून वजा करा. घरात राहणाऱ्या कुत्र्याला थंडीत जास्त जेवण लागत नाही. हालचाल कमी झाली असेल तर साधारण दहा टक्के कमीच करा आणि अधूनमधून बरगड्या चाचपा. हलक्या हाताने लागत नसतील तर वजन वाढलंय. थंडीत पाणी कमी प्यायलं जातं, कोमट दिलंत तर बरेच जण पितात.

कुत्रा म्हातारा असेल तर बाहेर पडण्याआधी पाच मिनिटं घरातच हळूहळू चालवा. थोडं चालल्यावरही लंगडणं राहिलं तर व्हेटला दाखवा. आपल्या घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल त्याला अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात.