खेळकट्टा : मिल्नर नक्की खेळायचा कुठे?

प्रश्न : आम्ही परळला राहतो. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, तीन वर्षं फुटबॉल खेळतोय, जागा मिडफिल्ड. यंदा नवीन सर आले आणि त्यांनी त्याला कधी लेफ्ट बॅक म्हणजे मागे डावीकडे बचावाला, कधी विंगवर, मागच्या रविवारी तर स्ट्रायकरला ताप म्हणून थेट पुढे खेळवलं. घरी आला की बूट कोपऱ्यात भिरकावतो आणि जेवत नाही. त्याचे बाबा म्हणतात, पोराचा हरकाम्या केलाय, जिथे भोक पडेल तिथे बूच. सरांना विचारलं तर म्हणाले, त्याला मिल्नरच्या मॅचेस दाखवा. हा मिल्नर कोण, आणि सर आम्हाला गुंडाळत तर नाहीत ना?
— एक आई, परळ

उत्तर : ताई, सर गुंडाळत नाहीयेत, पण गोष्ट अर्धीच सांगतायत. राहिलेली अर्धी तुमच्या मुलाच्या जास्त कामाची आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो, चहा घेऊन बसा.

जेम्स मिल्नर, इंग्लंडचा फुटबॉलपटू, जन्म ४ जानेवारी १९८६, गाव लीड्स. घरचे लीड्स युनायटेडवाले आणि पोरगं त्याच क्लबमध्ये शिकलं. १० नोव्हेंबर २००२ ला वेस्ट हॅमविरुद्ध पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, उतरला तेव्हा वय सोळा, म्हणजे आपल्याकडे दहावी होऊन अकरावीचं आयकार्ड नुकतं हातात आलेलं असतं ते वय. त्याच वर्षी २६ डिसेंबरला सुंदरलँडविरुद्ध त्यानं गोल मारला, वय १६ वर्षं ३५६ दिवस, प्रीमियर लीगमध्ये तोवर इतक्या लहान वयात कुणी गोल केला नव्हता. त्याआधीचा रेकॉर्ड पुढे इंग्लंडचा मोठा स्टार झालेल्या वेन रूनीचा, जेमतेम दोन महिने जुना, आणि दोघांत फरक किती तर चार दिवसांचा. लगेच दोन दिवसांनी चेल्सीविरुद्ध दुसरा गोल. आता एवढं वाचून कुणालाही वाटेल की हा पुढचा रूनी. तसं काही झालं नाही, आणि खरी गंमत तिथूनच आहे.

लीड्स कर्जात बुडालेला, २००४ ला लीगमधून खाली घसरला आणि घरचा पोरगा न्यूकॅसलला विकला. तिथे त्याला घेतलं मॅनेजर बॉबी रॉबसन यांनी, आणि सीझन सुरू होऊन महिना व्हायच्या आत रॉबसन यांचीच नोकरी गेली. मग साउनेस, रोडर, अलरडाइस, कीगन, चार वर्षांत साहेबावर साहेब. मधे एक सीझन अ‍ॅस्टन व्हिलाला उसना दिला. ऑगस्ट २००६ च्या शेवटच्या दिवशी, म्हणजे खेळाडूंच्या खरेदीविक्रीची खिडकी बंद व्हायला काही तास राहिलेले, व्हिलाशी कायमचं जमत आलेलं, गडी तिथे जाऊन बसलेला आणि न्यूकॅसलनं सांगितलं, रद्द, परत ये. म्हणजे साखरपुड्याचा हॉल गाठावा आणि फोन यावा की आज नको. वीस वर्षांच्या पोरानं रुसून बसायला याहून चांगलं कारण मिळालं नसतं. हा परत गेला आणि खेळला. शेवटी व्हिलात गेला तो २००८ मध्ये.

तोवर त्याची जागा म्हणजे विंग, लाइनीला चिकटून पळायचं. २००९ मध्ये व्हिलाचा गॅरेथ बॅरी मँचेस्टर सिटीला गेला, मैदानाच्या मधोमध जागा रिकामी झाली आणि व्हिलाचे मॅनेजर मार्टिन ओनील यांनी मिल्नरला तिथे आणला. म्हणजे इथेही भोक पडलं आणि बूच लावलं असं तुमच्या घरी म्हणाले असते! पण तोच सीझन त्याचा सोन्याचा ठरला, वर्षातला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून बाकीच्या खेळाडूंनीच त्याला निवडला. स्वतःची खरी जागा कुठली हे त्याला असं दुसऱ्याची जागा भरताना कळलं, हे मुलाला नक्की सांगा.

मग २०१० ला सिटी. पैसा, स्टार, गर्दी. तिथे परत उजवीकडे, डावीकडे, आणि स्ट्रायकर जखमी झाले तेव्हा चक्क पुढे. २०१२ आणि २०१४ अशा दोन लीग जिंकल्या पण मोठ्या मॅचला आपण अकरात असणार का आणि असलो तर कुठे, हे नक्की नाही. क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, २००३ च्या वर्ल्ड कपला द्रविडनं विकेटकीपिंग केलं होतं ना, एक बॅट्समन जास्त खेळवता यावा म्हणून, तसं, फक्त याचं ते वर्षानुवर्षं चाललं.

आता ती अर्धी गोष्ट जी सर सांगत नाहीत. २०१५ मध्ये मिल्नर २९ वर्षांचा, सिटीला तो हवा होता, नवा करार समोर होता. त्यानं तो घेतला नाही. लिव्हरपूलला गेला, कारण त्याला मधे खेळायचं होतं. पडेल ते काम करणारा माणूस तोंड उघडतच नाही असं नाही ताई, त्यानं एवढी वर्षं काम करून मग तोंड उघडलं आणि योग्य ठिकाणी उघडलं.

आणि नशीब बघा, लिव्हरपूलमध्ये एक सीझन मिडफिल्डमध्ये बरा गेला आणि २०१६-१७ ला मॅनेजर क्लॉप यांनी त्याला लेफ्ट बॅक केला. उजव्या पायाचा माणूस डाव्या बॅकला, अख्खा सीझन! त्याला ते आवडत नव्हतं, हे त्यानं लपवलंही नाही. पण तो सीझन संपताना लिव्हरपूल पहिल्या चारात होतं आणि चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचं, दार उघडलं होतं. मग हल सिटीहून लेफ्ट बॅक रॉबर्टसन आला, मिल्नर परत मधे, आणि २०१७-१८ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये यानं दुसऱ्यांना ९ गोल करून दिले, एका सीझनमध्ये तोवर कुणी इतके दिले नव्हते.

सरांनी मॅचेस दाखवा म्हटलंय ना, तर एकच दाखवा, ७ मे २०१९, लिव्हरपूल विरुद्ध बार्सिलोना, चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलची दुसरी मॅच. पहिली ३-० हरलेली, आणि निकाल दोन्ही मॅचचे गोल मिळून. सुरुवातीला मिल्नर मधे आहे. हाफटाइमला रॉबर्टसन जखमी, बाहेर. आत येतो वाइनाल्डम, आणि मिल्नर सरकतो लेफ्ट बॅकला, जिथून तो दोन वर्षांपूर्वी सुटला होता. ना हातवारे ना चेहरा वाकडा. वाइनाल्डम दोन मिनिटांत दोन गोल मारतो, लिव्हरपूल ४-० जिंकतं. सगळ्या जगाला वाइनाल्डम आठवतो आणि आठवायलाच हवा. पण मुलाला म्हणावं, फक्त डाव्या बाजूला बघ, बॉल नसताना हा कुठे उभा राहतो ते बघ. पुढच्या महिन्यात माद्रिदला तो कप त्यांनी उचलला.

याची किंमतही मोजावी लागते, ते लपवत नाही. इंग्लंडकडून ६१ मॅच आणि गोल एकच, २०१२ मध्ये मोल्दोव्हाविरुद्ध. दोन वर्ल्ड कप, दोन युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) खेळला, पण इंग्लंडच्या त्या पिढीची नावं घ्यायला बसलात तर हा सातवा-आठवा आठवतो. तुमच्या मुलाचे बाबा म्हणतात त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. सोय म्हणून वापरला जाणारा माणूस लोकांच्या लक्षात उशिरा येतो, कधीकधी येतच नाही.

मी स्वतः ऑफिसच्या टीमकडून आझाद मैदानावर खेळायचो. एका जुलैत गोलकीपर आलाच नाही, कॅप्टननं माझ्याकडे बघितलं. हातमोजे नव्हते, ऑफिसच्या माळीमामांचे बागकामाचे घातले, डाव्या मोज्याचा अंगठा फाटलेला, बॉल चिखलात भिजून विटेसारखा जड. चार गोल खाल्ले. पण त्या दिवशी मागून पहिल्यांदा अख्खं मैदान दिसलं आणि आमचा मिडफिल्ड, म्हणजे मीच दर रविवारी, बॉल गेला की कसा कंबरेवर हात ठेवून उभा राहतो ते कळलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तर मुलाला सांगा, सरांकडे त्यानं स्वतः जायचं, तुम्ही नाही आणि बाबा तर अजिबात नाही. प्रॅक्टिसनंतर, शांतपणे. विचारायचं की सर मला मधे खेळायचंय, त्यासाठी माझं काय कमी पडतंय? नीट उत्तर मिळालं तर तो लेफ्ट बॅक फुकट जात नाहीये असं समजा. तीन-चार महिने नुसतं "बघू" एवढंच येत राहिलं तर दुसरा क्लब शोधा, मुंबईत पंधरा वर्षांच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना खेळलेल्या पोराला कुणी नाही म्हणत नाही. आणि आधी जेवायला सांगा.

प्रश्न : मिल्नर बोअरिंग म्हणून फेमस आहे असं मित्र म्हणतात, खरं का?
— एक विद्यार्थी, दादर

उत्तर : दारूला शिवत नाही, भांडणात नाही, पार्ट्यांमध्ये नाही, त्यामुळे इंटरनेटवर कुणीतरी त्याच्या नावानं 'बोअरिंग' असं खोटं अकाउंट काढलं, त्यात हा चहा किती वेळ मुरला पाहिजे वगैरे बोलायचा. पुढे खरा मिल्नर स्वतः तिथे आला आणि स्वतःचीच खिल्ली त्याच सुरात उडवायला लागला, मग कोण कुणाची करतंय कळेना.

पण बोअरिंग माणसाच्या बाबतीत असं होतं का सांगा. जानेवारी २०१९, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध लिव्हरपूल ४-३ जिंकलं त्या मॅचला हा राइट बॅक (हो, तेही!) आणि दोन यलो कार्ड होऊन बाहेर. कार्ड दाखवणारे रेफरी जॉन मॉस, जे प्राथमिक शाळेत याचे पीटीचे सर होते. तेहतिसाव्या वर्षी शाळेतल्या सरांनी वर्गाबाहेर काढलं.

आणि शेवटचे सीझन तर बोअरिंग अजिबात नाहीत. २०२३ ला ब्रायटनला गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये जखमी झाला तो जवळजवळ सगळा सीझन बाहेर, त्या वयात बाकीचे बूट टांगतात. हा परत आला, २० नंबरचा शर्ट मागून घेतला, कारण लिव्हरपूलमधला त्याचा सहकारी दिओगो जोटा जुलै २०२५ मध्ये वारला होता आणि तो नंबर जोटाचा. ३१ ऑगस्ट २०२५ ला मँचेस्टर सिटीविरुद्ध, म्हणजे जुन्याच क्लबविरुद्ध, पेनल्टी मारली आणि जोटा जसा खाली बसून व्हिडिओ गेम खेळल्याची नक्कल करायचा तशी केली. वय ३९. प्रीमियर लीगमध्ये याहून मोठ्या वयात गोल केलेला तेव्हा एकच, टेडी शेरिंगहॅम. ब्रायटनचे कोच ह्युर्त्सेलर १९९३ चे, मिल्नर लीड्सकडून पहिल्यांदा उतरला तेव्हा हे कोचसाहेब नऊ वर्षांचे होते. सांगा मित्रांना.

प्रश्न : प्रीमियर लीगची शनिवारची मॅच साडेसातला लागायची ती दिवाळीच्या सुमाराला साडेआठवर जाते. चॅनेलवाले मुद्दाम करतात का? आमच्याकडे साडेआठला आईची सिरियल असते.
— एक त्रस्त, गिरगाव

उत्तर : चॅनेलचा काही दोष नाही हो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडवाले घड्याळ एक तास मागे घेतात, आपण घेत नाही, म्हणून त्यांचे दुपारचे तीन तेच राहतात पण आपले साडेसातचे साडेआठ होतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी परत साडेसात. मधले पाच महिने मोबाइलवर बघा, किंवा आईला मिल्नर दाखवून बघा, आमच्याकडे आईनं दोन मॅचनंतर विचारलं होतं की हा टापटीप मुलगा आज कुठे उभा आहे.