वाचकांचे प्रश्न : अ‍ॅप तयार होण्याआधीची चाचणी

प्रश्न : आमचा सोलापुरी चादरी व टॉवेलांचा घाऊक व्यापार आहे. किरकोळ दुकानदारांना मोबाइलवरून मागणी नोंदवता यावी म्हणून अ‍ॅप करून घेत आहोत. सध्या केवळ रेखाटने तयार आहेत. दुकानदारांचे मत आत्ताच घ्यावे काय?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आत्ताच घ्यावे; मात्र मत विचारू नये, काम करायला सांगावे, कारण ‘आवडले का?’ या प्रश्नाला ओळखीचा दुकानदार भिडेखातर होच म्हणेल. रेखाटने कागदावर छापून त्याच्यासमोर ठेवा, ‘दोन रंगांत पाच डझन टॉवेल मागवा’ एवढेच सांगा, आणि तो जिथे बोट ठेवील त्याप्रमाणे पुढचा कागद सरकवत गप्प राहा. मदतीचा मोह आवरणे हेच यातले सर्वांत अवघड काम आहे. ‘नग’ या रकान्यापाशी थबकून तो डझनांचा हिशेब मनात करू लागला, तर दोष रेखाटनाचा समजावा. तो कागदावर खोडरबराने दुरुस्त होतो, प्रोग्रॅम लिहून झाल्यावर मात्र त्याच दुरुस्तीचे पैसे मोजावे लागतात.

संगणकीय साधने वापरायला किती सोपी आहेत याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेल्या हिशेबानुसार पाच जणांच्या चाचणीत वापरातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. म्हणून पंधरा जणांच्या एकाच चाचणीऐवजी पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या, मधे दुरुस्त्या करत, घ्याव्यात. दुकानात प्रत्यक्ष मागणी नोंदवणारा नोकर असेल, तर मालकाऐवजी त्यालाच बसवावे.